‘बरं होणं’ आणि ‘बरं वाटणं’

ताई,

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. सदराच्या इतर वाचकांसाठी ते थोडक्यात सांगते. अण्णांच्या पोटातला कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे. रुग्णालयाच्या कागदावर ‘पॅलिएटिव्ह केमोथेरपी’ असं लिहिलंय आणि शिवाय पॅलिएटिव्ह विभागात दाखवून या, असंही सांगितलंय. तुमच्या धाकट्या भावानं मोबाइलवर या शब्दाचं मूळ शोधलं तर लॅटिनमधला ‘झगा’ निघाला. तेव्हापासून घरात वाद आहे. भाऊ म्हणतो, रोग झाकून ठेवायचा, एवढाच याचा अर्थ. काका म्हणतात, ही नुसती मलमपट्टी आहे, खरे उपचार दुसरीकडे नेऊन करू. अण्णांना अजून कुणी काहीच सांगितलेलं नाही. तुम्ही विचारता, या शब्दाचा खरा अर्थ काय, आणि अण्णांपाशी मराठीत काय म्हणायचं?

आधी भावाबद्दल. त्यानं वाचलं ते बरोबर आहे. ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर लपेटून घ्यायचं वस्त्र, प्राचीन रोममधला ग्रीक धाटणीचा झगा. त्यावरून ‘पॅलिआरे’ हे क्रियापद झालं, त्याचा अर्थ झाकणं, पांघरणं. मध्ययुगीन युरोपातल्या वैद्यांनी हा शब्द उचलला. रोगाचा मुळासकट नायनाट करणारा उपचार एकीकडे आणि रोग राहिला तरी त्याचा त्रास झाकणारा उपचार दुसरीकडे, असे दोन प्रकार ते सांगत. हा दुसरा उपचार म्हणजे पॅलिएटिव्ह. त्या शब्दाला संशयाची किनारही तेव्हापासूनच आहे, कारण वरून जखम भरल्यासारखी दाखवून आत पू ठेवणारे भोंदू वैद्य तिथेही होतेच. इंग्रजीत तर हेच क्रियापद गुन्हा सौम्य करून दाखवण्यासाठीही वापरलं जातं. तेव्हा भावाला आलेली शंका त्या शब्दाच्या पोटातच आहे. त्याच्यावर रागावू नका.

पण त्यानं अर्धंच मूळ धरलं. मराठीत आपण ‘पांघरूण घालणं’ म्हणतो तेव्हा काय काय म्हणतो, ते त्याला विचारा. चुलत्यानं पुतण्याच्या उधळपट्टीवर पांघरूण घातलं, असं आपण म्हणतो. आणि अंगावरची गोधडी सरकलेल्या माणसावर रात्री उठून पांघरूण घालतो, तेही याच शब्दांत सांगतो. पहिल्यात लपवाछपवी आहे, दुसऱ्यात ऊब आहे. लॅटिनमधल्या त्या झग्याचंही तसंच आहे. झाकणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर सगळं ठरतं. अण्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी काही लपवलेलं नाही. रोग कुठे आहे, किती पसरला आहे, हे तुम्हाला कागदावर लिहून दिलंय. जे उघड सांगितलंय ते झाकलं कसं म्हणायचं?

भावाची भीती एका ठिकाणी अगदी योग्य आहे, तेही नोंदवून ठेवते. कारण न शोधता नुसतं दुखणं दाबत राहणं धोक्याचंच. पोटात सारखं दुखतंय आणि माणूस दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खातोय, असं आपल्याकडे घरोघरी चालतं आणि त्यात आजार हाताबाहेर जातात. तो झग्याचा वाईट अर्थ. अण्णांचं कारण शोधून झालंय, तपासण्या झाल्यात. आता दुखणं कमी करण्यात कसलीच फसवणूक नाही.

काकांच्या ‘मलमपट्टी’कडे वळते. हा शब्द आपण फार तुच्छतेनं वापरतो. रस्त्यावरचा खड्डा असो की शेतकऱ्याचं कर्ज, ‘तात्पुरती मलमपट्टी’ म्हटलं की संपलं. एक प्रश्न काकांना विचारून पाहा, मात्र भांडणाच्या सुरात नको. तुमच्या पत्रात आहे की ते रक्तदाबाची गोळी रोज घेतात. त्या गोळीनं रक्तदाबाचा आजार मुळातून गेला का? नाही. गोळी सोडली की दाब पुन्हा चढतो. मधुमेहाचंही बहुतेकांच्या बाबतीत तेच. तरीही त्या गोळीला कुणी मलमपट्टी म्हणत नाही, तिच्या जोरावर माणसं वर्षानुवर्षं शेती करतात, नातवंडांची लग्नं बघतात.

आपल्याकडे या प्रकाराला फार जुना आणि नेमका शब्द आहे : ‘याप्य’. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये रोगांची प्रतवारी येते. काही सहज बरे होणारे, म्हणजे सुखसाध्य. काही कष्टानं बरे होणारे, कृच्छ्रसाध्य. जे मुळातून जात नाहीत, त्यांच्यातही दोन भाग केलेत. एक ‘याप्य’, दुसरा ‘प्रत्याख्येय’. याप्य हा शब्द ‘या’ म्हणजे जाणं या धातूवरून आला, त्याच्या प्रयोजक रूपातून, म्हणजे चालवणं, पुढे नेणं. आपण ‘कालयापन’ म्हणतो, हिंदीत ‘जीवनयापन’ म्हणतात, त्यातलंच हे यापन. रोग जात नाही, पण उपचारानं माणसाचं चालतं. सुश्रुतानं त्याला दिलेला दृष्टांत मला फार आवडतो. कोसळू पाहणाऱ्या घराला नीट जागी लावलेला टेकू जसा तोलून धरतो, तशी योग्य वेळी केलेली चिकित्सा याप्य रोग्याला धरून ठेवते. टेकू काढला की घर बसतं, हेही तो सांगून ठेवतो. खोटी आशा तिथे नाही. ‘साधुयोजित’ असा शब्द त्यानं टेकूसाठी वापरलाय, म्हणजे नीट योजलेला. टेकू कुठे लावायचा हे कळायलाही विद्या लागते.

आणि प्रत्याख्येय म्हणजे नाकारण्याजोगा. असा रोगी वैद्यानं हाती घेऊ नये, घेतला तर पैसा, विद्या, कीर्ती सगळंच जाईल, असा सावध सल्ला चरकसंहितेत आहे. त्या काळाच्या दृष्टीनं तो समजण्याजोगा असेल, पण मला तो पटत नाही. तुमच्या घरातल्या भीतीचं मूळ मला इथेच दिसतं. ‘पॅलिएटिव्ह’ शब्द ऐकला आणि तुम्हा सगळ्यांना वाटलं की अण्णांना नाकारलं. डॉक्टरांनी हात वर केले. गेल्या साठेक वर्षांत जगभर उभ्या राहिलेल्या कामानं नेमकं हेच नाकारणं मोडून काढलं.

त्या कामाची सुरुवात साधारण लंडनमधली. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि मरणाऱ्या माणसांचं कुणी ऐकत नाही हे बघून वयाच्या तिशीत वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची सेवा करणारं ठिकाण, सुरू केलं. ‘समग्र वेदना’ ही कल्पना त्यांची. अंगाचं दुखणं, मनातली भीती, घरच्यांची आणि पैशांची चिंता, ‘माझंच असं का’ हा प्रश्न, या सगळ्याची मिळून एकच वेदना होते आणि फक्त गोळीनं ती पुरती थांबत नाही. ‘हॉस्पिस’ हा शब्दही लॅटिनच, पाहुणा आणि यजमान या दोघांनाही लागू पडणाऱ्या ‘होस्पेस’ या शब्दातून आलेला. हॉस्पिटल आणि हॉटेल ही त्याचीच भावंडं.

मग बाल्फर माउंट नावाच्या कॅनडातल्या शल्यविशारदानं माँट्रिअलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात तसाच विभाग काढायचं ठरवलं. पण तिथले लोक फ्रेंच बोलणारे, आणि फ्रेंचमध्ये ‘हॉस्पिस’ म्हटलं की निराधारांचं आश्रयगृह डोळ्यांपुढे यायचं. म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव घेतलं. विभाग १९७५ मध्ये सुरू झाला आणि नाव जगभर गेलं. म्हणजे हा शब्द मुळात लोकांना घाबरवू नये म्हणून निवडलेला होता! आज सांगलीत तोच शब्द घाबरवतोय. शब्दाचा यात फार दोष नाही. ज्या दुःखाशेजारी तो सतत उभा राहतो, ते दुःख त्याला चिकटतं. उद्या दुसरा शब्द आणला तरी काही वर्षांत त्याचंही असंच होईल.

आता मराठीत काय म्हणायचं? कुणी ‘उपशामक’ लिहितात, कुणी ‘परिहारक’. कागदावर दोन्ही ठीक. ‘शम्’ म्हणजे शांत होणं. उपशामक ऐकून पुष्कळांना काहीतरी मिळमिळीत वाटतं, पण अग्निशामक दलातला ‘शामक’ही तोच, आग विझवायला धावणारा. ‘परिहार’ तर श्रमपरिहारातून आपल्या ओळखीचा आहे. तरीही अण्णांशी बोलताना यातलं काही वापरू नका. तापानं फणफणलेल्या किंवा पोटातल्या कळेनं वाकलेल्या माणसाला असे संस्कृत वळणाचे शब्द नको असतात.

आपल्या रोजच्या बोलण्यात यापेक्षा कितीतरी चांगली सामग्री आहे. आपण ‘बरं होणं’ वेगळं धरतो आणि ‘बरं वाटणं’ वेगळं. ‘आता जरा बरं वाटतंय’ असं माणूस आजारातसुद्धा म्हणतो, आणि ऐकणाऱ्यालाही त्यात खोटं काही वाटत नाही. रोग गेला असं तो म्हणत नसतो. ठणका कमी झाला, मळमळ थांबली, रात्री झोप लागली, चार घास गेले, एवढंच त्याचं म्हणणं असतं. पॅलिएटिव्ह विभागाचं काम एका ओळीत सांगायचं तर, बरं होणं शक्य असो वा नसो, बरं वाटावं म्हणून झटणं. तापाला उतार पडतो, औषधाचा गुण येतो, दुखण्याला आराम पडतो, दुःखावर कुणी फुंकर घालतं. यातल्या एकाही शब्दात रोग गेल्याचा दावा नाही.

आणि ‘उपचार’ हा शब्द तरी काय सांगतो? उप म्हणजे जवळ, चर म्हणजे वावरणं. जवळ जाऊन सेवा करणं. पूजेतले षोडशोपचार आठवा, तिथे कुणाला बरं करायचं नसतं. ‘शुश्रूषा’ त्याहून पुढची आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ तिला नंतर आला. तुमच्या काकांच्या तोंडचे ‘उपचार’ आणि आपण जिला ‘नुसती सेवा’ म्हणतो ती, हे दोन शब्द मुळात एकाच घरचे. इंग्रजीतला ‘क्युअर’सुद्धा लॅटिनमधल्या ‘कूरा’वरून आला, आणि कूरा म्हणजे काळजी घेणं. रोग समूळ घालवणं हा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

केरळात याला ‘सांत्वन परिचरण’ म्हणतात. आपल्याकडे सांत्वन माणूस गेल्यावर करायचं असतं, त्यामुळे तो शब्द इथे चालणार नाही. पण काम मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. १९९३ मध्ये कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झालेल्या कामातून गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले, ते रुग्णाच्या घरी जातात. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्यासाठी वेगळं धोरण केलं. त्या चळवळीतले डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी पुढे जी संस्था काढली तिचं नावच ‘पॅलियम इंडिया’. तो झगा त्यांनी अभिमानानं नावात घेतला. आपणही मागे होतो असं नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला निघालं, त्याचं नाव ‘शांती अवेदना’. त्याची एक शाखा गोव्यात लोटलीलाही आहे. अवेदना, वेदना नसलेली अवस्था. इतकं सरळ नाव दुसरं मला माहीत नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालू आहे, तिथे रुग्णाबरोबर घरच्यांनाही सेवा कशी करायची ते शिकवतात. पुढे अण्णांची घरची व्यवस्था अवघड झाली तर ते लक्षात असू द्या.

तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न : केमोथेरपीही पॅलिएटिव्ह आणि विभागही पॅलिएटिव्ह, मग बिचाऱ्यांना केमोचा त्रास तरी कशाला? दोन्हीकडे शब्द एक असला तरी कामं वेगळी आहेत. ही केमो रोग मुळासकट काढण्यासाठी नसते. गाठ आटोक्यात ठेवणं, तिचा दाब आणि त्रास कमी करणं, जमल्यास काही काळ मिळवणं, हा तिचा हेतू. ती घ्यावी की नाही हे अण्णांच्या ताकदीवर आणि इच्छेवर आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा : हिच्यानं काय साधेल, किती काळ, आणि त्या बदल्यात त्यांना काय सोसावं लागेल? पॅलिएटिव्ह विभागाचे डॉक्टर केमो चालू असताना सोबतीनं काम करतात. केमो बंद झाल्यावरच तिकडे जायचं, हा गैरसमज फार पसरलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येतही आजाराच्या सुरुवातीपासूनच ही सेवा द्यावी, असं म्हटलंय.

लवकर जाण्यानं काय होतं, याचा एक अभ्यास काकांना सांगा. बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर तो झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कर्करोगाचे नेहमीचे उपचार दिले, पण निम्म्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह विभागाचीही सोबत दिली. सोबत मिळालेल्यांचं रोजचं जगणं अधिक सुसह्य झालं, नैराश्य कमी आढळलं, आणि त्यांचं मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ११.६ महिने भरलं. दुसऱ्या गटाचं ८.९ महिने. हा आकडा अण्णांना लावू नका, तो वेगळ्या रोगाचा आणि वेगळ्या माणसांचा आहे. मात्र ‘तिकडे गेलं की संपलं’ हे काकांचं म्हणणं त्यापुढे टिकत नाही.

आता अण्णा. ताई, त्यांना काही माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण महिनाभर रुग्णालयाच्या फेऱ्या मारणाऱ्या, स्वतःचं अंग रोज उतरताना बघणाऱ्या माणसाला काहीच कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांना सांगायच्या आधी विचारा. ‘अण्णा, डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला काय काय समजलंय?’ आणि मग गप्प राहा. शुश्रूषेचा मूळ अर्थ इथे उपयोगी पडेल. त्यांना किती ऐकायचंय ते त्यांच्या बोलण्यातून कळेल. काही लोकांना सगळं हवं असतं, काही म्हणतात ‘तुम्ही पोरं बघा’. दोन्हीचा मान ठेवा.

नव्या विभागाबद्दल बोलताना त्याचं नाव बाजूला ठेवून काम सांगा. ‘अण्णा, दुखणं आणि मळमळ कमी करणारे वेगळे डॉक्टर आहेत, उद्या त्यांना दाखवू. आधीचे डॉक्टरही आहेतच.’ यात एक अक्षर खोटं नाही. ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य मात्र घरात कुणीही उच्चारू नये. ते क्रूर आहे आणि खोटंही आहे, करण्यासारखं पुष्कळ असतं. ‘काही नाही हो, महिन्याभरात ठणठणीत व्हाल’ हेही नको. त्यानं अण्णा एकटे पडतील, कारण मग मनातलं बोलायला त्यांना जागाच उरणार नाही.

आणि त्यांनी सरळ विचारलंच, ‘मी बरा होईन का गं?’ तर ‘आजार पूर्ण जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, अण्णा. पण तुम्हाला दुखू नये, झोप लागावी, घरात बसून चार गोष्टी करता याव्यात, हे करता येतं, आणि आम्ही ते करणार आहोत’ एवढं म्हणा. रडू आलं तर येऊ द्या.

विभागात जाताना भाऊ आणि काका दोघांनाही घेऊन जा. शंका त्यांनी डॉक्टरांनाच विचाराव्यात, मधे निरोप्या म्हणून तुम्ही उभं राहू नका. आठवडाभराची वही करा : कळ केव्हा उठते, किती वेळ टिकते, शून्य ते दहात किती, काय केल्यानं कमी होते, झोप किती लागली. साध्या गोळ्यांनी भागलं नाही तर डॉक्टर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन, म्हणजे अफूपासून मिळणारं जोरदार वेदनाशामक, सुचवतील. नाव ऐकून घरात पुन्हा गोंधळ होईल, म्हणून आधीच सांगते, कर्करोगाच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य प्रमाणात घेतलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे, आणि ते शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचं औषधही नव्हे. कायद्यानं ते मान्यताप्राप्त संस्थांमधूनच मिळतं, अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर नियम थोडे सुटसुटीत झालेत, त्यामुळे सांगलीच्या जवळात जवळ ते कुठे मिळतं हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. ते घड्याळाप्रमाणे घ्यायचं असतं, दुखेपर्यंत थांबायचं नसतं. त्यानं बद्धकोष्ठ होतं, तेव्हा पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लिहून मागा.